आधी आपल्या माणसाचं

न्यू जर्सीतल्या एडिसन गावी एका घरात गौरी आल्या होत्या. २०२४ सालच्या सप्टेंबरची १० तारीख, मंगळवार. थोरलीने कामावरून अर्धी रजा काढून दारापासून देवघरापर्यंत पावलं उमटवली, धाकटीने मुखवटे आणले आणि दोघी बहिणींनी मिळून गौरी उभ्या केल्या. संध्याकाळी भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. त्याच रात्री नऊ वाजता, तिथून सव्वा-दीड तासावरच्या फिलाडेल्फियात, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या टीव्हीवरच्या वादात कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प पहिल्यांदाच समोरासमोर येणार होते.

बहिणींना धास्ती होती ती याचीच. थोरले जावई हॅरिस यांच्या बाजूचे, धाकटे ट्रम्प यांच्या. थोरले औषधांच्या कंपनीत संशोधक. धाकट्यांचं डेलावेअर नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनियात, भारतीय किराणा मालाचं दुकान. दोघांनीही नागरिकत्व घेतलेलं, त्यामुळे दोघांनाही मताचा हक्क. त्यातही पेनसिल्व्हेनियातलं मत म्हणजे साऱ्या देशाचे डोळे लागलेलं मत, तर न्यू जर्सीचा कौल सगळे आधीच गृहीत धरून चालत. साडू-साडूंमध्ये हाही एक सल होता.

मूळ भांडण जूनमधलं. २७ जूनला अटलांटात बायडन आणि ट्रम्प यांचा वाद झाला. त्या रात्री दोघे फोनवर बोलले. थोरले म्हणाले, "सर्दी झाली होती हो त्यांना, आवाज बसला होता." धाकटे म्हणाले, "सर्दीनं वाक्य अर्ध्यात सुटतं का, दादा?" तिथून बोलणं वाढलं आणि कुणाला किती अक्कल आहे यावर येऊन थांबलं. जुलैमध्ये बायडन यांनी शर्यत सोडली, पण दोन घरांमधलं जाणं-येणं काही पूर्ववत झालं नाही. धाकटे इतक्या दिवसांनी या घरात आले होते ते गौरींसाठी, आणि बायकोने हट्ट धरला म्हणून.

"टीव्ही लावायचा नाही आज," थोरली म्हणाली.

"लावायचा," अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे या दोघींचे वडील. उन्हाळ्यात सांगलीहून आले होते. हायस्कूलमध्ये खेळाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, पण जिल्ह्यात त्यांना ओळखत ते कबड्डीचे पंच म्हणून. आवाज मोठा नव्हता. मैदानावर त्यांना तो कधी मोठा करावा लागला नाही.

त्यांनी नातीच्या वहीतले दोन कागद मागून घेतले. नात सोळा वर्षांची होती. पुढच्या निवडणुकीत ती मत देणार होती. प्रत्येक कागदावर मधोमध उभी रेघ, एका बाजूला हॅरिस, दुसऱ्या बाजूला ट्रम्प. एकेक कागद आणि एकेक पेन्सिल त्यांनी जावयांच्या हाती दिली.

"प्रश्न विचारणारा प्रश्न विचारील. ज्याला विचारला त्यानं त्याचं उत्तर दिलं, तर काही लिहू नका. बगल दिली, भलतंच बोलला, तर त्याच्या नावाखाली एक रेघ मारा. खरं बोलला की खोटं, ते बघायचं नाही. पटलं की नाही, तेही नाही. विचारलं त्याचं उत्तर आलं का, एवढंच. जमेल न्हवं?"

दोघे हसले. थोरले विज्ञानाचे डॉक्टर, धाकटे पै-पैचा हिशेब ठेवणारे. त्यांना हे काय अवघड होतं?

"आणि फोन इकडं द्या," अण्णा म्हणाले. सगळ्यांचे फोन एका ताटात गेले. धाकट्यांच्या फोनवर दुकानदार मित्रांचा गट होता, थोरल्यांच्या फोनवर कंपनीतल्या लोकांचा. डिबेट चालू असतानाच त्या गटांवर निकाल लागायला सुरुवात होई, आणि समोरचं वाक्य पुरतं कानात शिरायच्या आत त्याबद्दल काय वाटायला हवं हे हातातल्या फोनवर येऊन पडे.

अण्णांना ठाऊक नव्हतं, पण ही गोष्ट फोनच्या आधीपासूनची आहे. ६ ऑक्टोबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत अध्यक्ष फोर्ड आणि जिमी कार्टर यांचा वाद झाला. पूर्व युरोपवर सोव्हिएत संघाचं वर्चस्व नाही, असं विधान फोर्ड यांनी त्यात केलं. पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया डोळ्यांसमोर असताना केलेलं हे विधान. तरीही त्या रात्री लगोलग विचारलेल्या लोकांमध्ये फोर्ड सरस ठरले असं म्हणणारे जास्त होते. मग बातम्यांनी आणि वर्तमानपत्रांनी ती चूक उचलून धरली, आणि दुसऱ्या दिवशी विचारलेल्यांमध्ये पारडं जोरात कार्टर यांच्याकडे झुकलं. बातम्यांनी चूक दाखवली हे योग्यच केलं, आणि ते व्हायलाही हवं होतं. पण मधल्या काही तासांत लोकांनी वाद पुन्हा पाहिलेला नव्हता. आपण काय पाहिलं, हे त्यांना दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं.

नऊ वाजले. नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरचा मंच, समोर प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत, हशा नाही. एक बोलत असताना दुसऱ्याचा माइक बंद, असा नियम. हॅरिस चालत ट्रम्प यांच्या बाजूला गेल्या, हात पुढे केला आणि स्वतःचं नाव सांगितलं.

"बघा, किती सभ्यपणा," थोरले म्हणाले.

"बघा, किती नाटक," धाकटे म्हणाले.

अण्णांनी दोघांकडे पाहिलं. अजून एकही प्रश्न विचारला गेला नव्हता.

पहिला प्रश्न सूत्रसंचालक डेव्हिड म्यूर यांनी हॅरिस यांना विचारला. अर्थव्यवस्थेच्या बाबतीत लोकांची स्थिती चार वर्षांपूर्वीपेक्षा आज बरी आहे, असं तुम्हाला वाटतं का? हॅरिस आपण मध्यमवर्गीय घरात वाढल्याचं बोलल्या, घरांच्या टंचाईबद्दल, लहान धंद्यांना करसवलत देण्याच्या योजनेबद्दल बोलल्या. थोरल्यांची पेन्सिल हलली नाही. धाकट्यांनी रेघ मारली, कागद फाटेल इतक्या जोराने.

पुढे ट्रम्प यांना विचारलं गेलं: या युद्धात युक्रेन जिंकावा, असं तुम्हाला वाटतं का? ते म्हणाले, युद्ध थांबावं असं मला वाटतं, माणसांचे जीव वाचावेत असं वाटतं. प्रश्न पुन्हा विचारला, तरी 'हो' किंवा 'नाही' आलं नाही. थोरल्यांनी दोन रेघा मारल्या. धाकट्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवून पाणी प्यायलं.

दीड तास असाच गेला. अण्णा पडद्याकडे कमी आणि पेन्सिलींकडे जास्त बघत होते. स्प्रिंगफील्डमधल्या पाळीव प्राण्यांबद्दलचं ट्रम्प यांचं विधान म्यूर यांनी तिथल्या तिथे खोडलं, तेव्हा धाकटे उसळून म्हणाले, "हे बघा! तिच्या बोलण्याला एकदा तरी टोकलं का? एकाविरुद्ध तिघं झाली ही." आणि ट्रम्प यांना उलट उत्तरासाठी पुन्हा पुन्हा माइक मिळाला, तेव्हा थोरले चिडले, "नियम फक्त बाईंना आहेत का? यांना हवं तेव्हा बोलू देतात." वाद संपला तेव्हा दोघांचीही खात्री पटली होती, की सूत्रसंचालक समोरच्या बाजूला विकले गेले आहेत.

तसं पाहिलं तर दोघांच्याही तक्रारीत तथ्य होतं. त्या रात्री जागच्या जागी दुरुस्ती झाली ती ट्रम्प यांच्या विधानांची, आणि एकूण वेळ जास्त मिळाला तोही ट्रम्प यांनाच, जवळपास पाच मिनिटांनी. धाकट्यांना पहिली गोष्ट दिसली, थोरल्यांना दुसरी. दोन्ही दिसल्या असं त्या खोलीत नातीखेरीज कुणी म्हटलं नाही, आणि तिला कुणी विचारलं नाही.

नातीने कागद घेतले आणि रेघा मोजल्या. थोरल्यांच्या कागदावर हॅरिस यांच्या नावाखाली दोन, ट्रम्प यांच्या अकरा. धाकट्यांच्या कागदावर हॅरिस नऊ, ट्रम्प तीन.

"मुद्दाम केलंत हे," थोरले म्हणाले.

"मी? तुमचे अकरा बघा आधी."

यात खरोखर वाईट काही असेल तर ते हेच, की दोघेही खोटं बोलत नव्हते. दोघांनीही प्रामाणिकपणे रेघा मारल्या होत्या. त्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर प्रिन्स्टन आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये तिथे प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांमध्ये अमेरिकी फुटबॉलचा सामना झाला होता. धसमुसळा सामना, प्रिन्स्टनच्या सर्वोत्तम खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी नंतर दोन्ही विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि दिसेल तो नियमभंग टिपायला सांगितला. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाच्या जेवढ्या आगळिका दिसल्या, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या खेळात दिसल्या. फिल्म तीच, मैदान तेच. डार्टमथचा एक माजी विद्यार्थी तर आपल्याला मिळालेल्या फिल्ममधून काही भाग कापला असणार, असं समजून चालला. राजकारणातला पक्ष म्हणजे कॉलेजच्या संघाहून कितीतरी खोल गोष्ट. तिथे काय होत असेल, ते त्या दोन कागदांवर होतं.

फोन परत मिळाल्यावर थोरल्यांनी पहिली बातमी वाचून दाखवली. वाद पाहणाऱ्यांना सीएनएनने विचारलं होतं, त्यात ६३ टक्क्यांना हॅरिस सरस वाटल्या, ३७ टक्क्यांना ट्रम्प. "आता बोला!" धाकट्यांनी लगेच जूनची आठवण दिली, त्याच वाहिनीच्या तशाच पाहणीत तेव्हा ६७ टक्के ट्रम्प यांच्या बाजूने होते. "तेव्हा तुम्ही म्हणालात, पाहणीला काही अर्थ नसतो."

"कोण जिंकलं, हे मी विचारलंच नव्हतं," अण्णा म्हणाले. "झोपा आता. उद्या पुरणाचा स्वयंपाक आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटे दुकान लवकर बंद करून जेवायला आले. पुरणपोळ्या झाल्या, सोळा भाज्या झाल्या, हळदीकुंकवाच्या बायका येऊन गेल्या. मग अण्णांनी नातीला बोलावलं. वाद घेणाऱ्या वाहिनीने त्याचा सगळा मजकूर छापील रूपात दिला होता. अण्णांनी तिला सांगितलं, "नावं वाचायची नाहीत. प्रश्न वाच, उत्तर वाच. आवाज वर नाही, खाली नाही. शाळेत हजेरी घेतात तसं वाच."

तिने पहिला प्रश्न वाचला. मग उत्तर वाचलं. आदल्या रात्रीचा चेहरा नाही, स्मित नाही, हातवारे नाहीत, नुसती वाक्यं.

"थोरले जावई, उत्तर आलं का?"

"त्यांना काय म्हणायचंय ते कळतंय ना अण्णा. योजना सांगितली त्यांनी."

"कळतंय. मलाही कळलं. पण विचारलं होतं, बरी आहे का. 'आहे' आलं का?"

"नाही."

"'नाही' आलं का?"

थोरल्यांनी नातीच्या हातातला कागद घेऊन उत्तर स्वतः पुन्हा वाचलं. मग पेन्सिल मागितली. धाकटे हसू लागले, तेव्हा अण्णांनी नातीला युक्रेनचा प्रश्न काढायला लावला. तोही तिने तसाच वाचला. धाकटे म्हणाले, "अण्णा, युद्ध थांबवणं हेच उत्तर आहे की. ते जिंकणं-हरणं बघतच नाहीत."

"असेल. चांगलंही असेल. पण मला सांगा, हाच प्रश्न बाईंना विचारला असता आणि त्या म्हणाल्या असत्या, 'मला युद्ध थांबायला हवंय', तर तुम्ही रेघ मारली असती का नसती?"

धाकटे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मारली असती."

"मग मारा की."

त्या रात्री त्यांनी सगळा मजकूर संपवला नाही, निम्माच झाला. पण दोन्ही कागदांवरचे आकडे एकमेकांकडे सरकले होते. सारखे झाले नाहीत, होणारही नव्हते. काही उत्तरं अशी असतात की टाळलं म्हणावं की दिलं म्हणावं, यावर दोन शहाणी माणसंही भांडतील.

"अण्णा, तुम्ही एवढी वर्षं पंच होता," नात म्हणाली, "तुम्हाला सगळं नीट दिसायचं?"

"नाही," अण्णा म्हणाले. "म्हणून तर एक नियम पाळला. आपल्या गावाच्या मंडळाचा सामना असला की मी पंच म्हणून उभा राहायचो नाही. एकदा तालुक्याची स्पर्धा होती, नेमलेले पंच आलेच नाहीत. संयोजक घरी आले. म्हणाले, गुरुजी, तुम्ही उभे राहा, तुमच्यावर समोरच्या संघाचाही विश्वास आहे. आणि खरंच होता. समोरच्या संघाचा कप्तान स्वतः आला होता सांगायला. मी नाही म्हणालो."

"का? तुम्ही खोटं थोडंच बोलला असता?"

"नसतो बोललो. तेवढी माझी खात्री होती. पण बोनस रेषेवरचा पाय ठाऊक आहे ना? चढाई करणाऱ्यानं एक पाय रेषेपलीकडं टाकायचा आणि त्याच वेळी मागचा पाय जमिनीवरून उचललेला पाहिजे. निमिषाचा खेळ. मातीचं मैदान, धूळ उडालेली, वर दोन दिवे. तो पाय उचलला होता का नव्हता, हे डोळा सांगतो, आणि त्या डोळ्याला ठाऊक असतं की हा पोरगा आपल्या आळीतला आहे. मी खोटं बोलणार नव्हतो. पण डोळा मला काय दाखवील, याची हमी माझ्याकडं नव्हती."

"मग सामना झाला का?"

"झाला. त्यांच्या गावच्या एका मास्तराला आणि आमच्या गावच्या एकाला, दोघांना दोन बाजूंना उभं केलं. नियम असा ठरवला की आमच्या गावच्या मास्तरानं फक्त आमच्या पोरांच्या चुका द्यायच्या, त्यांच्या मास्तरानं फक्त त्यांच्या. पहिली दहा मिनिटं दोघांच्या तोंडून शब्द फुटेना. मग आमच्या मास्तरानं आमचाच एक गडी बाद दिला. त्यानंतर गाडी रुळावर आली."

जावई ऐकत होते. अण्णा त्यांच्याकडे वळले. "उद्या गौरी-गणपती बोळवायचे. तोवर एक काम करा. थोरल्यांनी मला सांगायचं, धाकटे ट्रम्पना मत का देणार. धाकट्यांनी सांगायचं, थोरले हॅरिसना का देणार. टोमणा चालणार नाही. आणि ते बरोबर झालं की नाही, हे मी ठरवणार नाही. ज्याचं मत, तो ठरवील."

विसर्जनाच्या संध्याकाळी दोघेही नापास झाले. थोरले म्हणाले, "त्यांना कर कमी हवा आहे, आणि देशात नवीन लोक आलेले नको आहेत." धाकट्यांनी मान हलवली, स्वतः नवीन आलेला माणूस असं म्हणेल का? धाकटे म्हणाले, "दादांच्या कंपनीत सगळेच डेमोक्रॅट आहेत, म्हणून." थोरल्यांचा चेहरा उतरला. चौदा-पंधरा वर्षांच्या नात्यात त्यांनी एकमेकांना एवढंच ओळखलं होतं.

शनिवारी थोरले कुणाला न सांगता गाडी घेऊन नदी ओलांडून गेले आणि दिवसभर साडूच्या दुकानात बसले. गल्ल्यामागच्या स्टुलावर. दुकान त्यांना माहीत होतं, तांदूळ आणि लोणची घ्यायला ते तिथे जात. पण बिलांची फाइल त्यांनी कधी पाहिली नव्हती. जून २०२२ मध्ये अमेरिकेतली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती, हा आकडा त्यांनी वर्तमानपत्रात वाचला होता; फाइलमध्ये तो दर आठवड्याच्या खरेदीच्या बिलांत उतरलेला होता. दुकान वाढवायला काढलेलं कर्ज बदलत्या व्याजाचं होतं, आणि महागाईला आवर घालायला व्याजदर चढत गेले तसा हप्ता चढत गेला होता. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, त्या आठवड्यात लोकांनी पोती उचलून नेली. धाकट्यांनी जुन्या भावाने दिली, आणि नवा माल दामदुप्पट भावाने भरला.

"तांदळाची बंदी दिल्लीनं घातली होती," थोरले म्हणाले.

"ठाऊक आहे मला. व्याजाचं सगळं पापही एकट्या बायडनचं नाही, तेही ठाऊक आहे. पण दादा, रात्री दोन वाजता हिशेब जुळत नाही तेव्हा माणूस कुणाला तरी विचारतो ना, की चार वर्षांपूर्वी बरं होतं का? आणि परवा तोच प्रश्न पहिला आला. मी तिकडं उत्तराची वाट बघत होतो."

थोरल्यांनी मान खाली घातली. त्या पहिल्या प्रश्नाला त्यांनी रेघ मारली नव्हती, कारण तो प्रश्न त्यांचा नव्हताच.

मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. मुलीच्या आधी थोरलीला एकदा दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात गर्भ बिघडला, रक्तस्राव थांबेना. न्यू जर्सीतल्या डॉक्टरांनी त्याच रात्री तिला मोकळं केलं, कुणाला काही विचारत बसले नाहीत. घरात तेव्हा 'थोरली दवाखान्यात होती' एवढंच कळवलं होतं. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनादत्त हक्क काढून तो प्रश्न राज्यांवर सोपवला. आता पोरीला टेक्सासमध्ये शिकायला जायचं होतं, आणि तिथे जवळजवळ सगळ्या गर्भपातांना बंदी आहे. जीव धोक्यात असेल तर सूट आहे म्हणतात, पण धोका किती वाढेपर्यंत डॉक्टर थांबतील? "गर्भपातबंदी आली तर नकाराधिकार वापराल का, असं ट्रम्पना विचारलं. ते म्हणाले, तशी वेळच येणार नाही. तुम्ही तिथे रेघ मारली नाहीत."

"नाही मारली," धाकटे म्हणाले. "मला तो प्रश्न ऐकूच आला नाही, दादा."

पूर्वग्रह म्हणजे डोक्यात शिरलेला कचरा, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. त्या दुकानात जे निघालं तो कचरा नव्हता, ती दोन माणसांनी एकट्याने सोसलेली वर्षं होती. आपण टीव्हीसमोर बसतो तेव्हा ती आपल्याबरोबर येऊन बसतात आणि आपल्या आधी ऐकतात. त्यांना उठवून बाहेर घालवता येत नाही. पण ती शेजारी बसली आहेत, हे ज्याला ठाऊक आहे, तो निदान समोरच्याला विकला गेलेला म्हणत नाही.

अण्णा दिवाळीच्या आधी सांगलीला परतले. ५ नोव्हेंबरला दोघांनीही आपापलंच मत दिलं. थोरल्यांनी हॅरिस यांना, धाकट्यांनी ट्रम्प यांना. न्यू जर्सी हॅरिस यांच्याकडे राहिली, पेनसिल्व्हेनिया ट्रम्प यांच्याकडे गेली, आणि देशही. बुधवारी सकाळी पहिला फोन धाकट्यांनी केला आणि निकालाबद्दल अवाक्षर न काढता पोरीच्या टेक्सासच्या अर्जाचं विचारलं.

त्या आठवड्यात शिक्षकांच्या अधिवेशनामुळे नातीच्या शाळेला दोन दिवस सुट्टी होती. इकडे महाराष्ट्रात २० नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानाची धामधूम. तिने सकाळी साडेनऊला, म्हणजे सांगलीत रात्री आठला, आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. ती आपल्या लॅपटॉपवर आणि अण्णा आपल्या टीव्हीवर, दोघे एकाच मराठी वाहिनीची चर्चा बघत होते. पडद्यावर चौकटी, चौकटींमध्ये प्रवक्ते, त्यांतला एक अण्णांनी जन्मभर ज्याला मत दिलं त्या पक्षाचा. दोघांनीही कागद घेतले होते.

चर्चा संपल्यावर तिने विचारलं, "अण्णा, तुमच्या माणसाच्या नावावर किती?"

"एक."

"माझ्याकडे पाच आहेत."

"पाच कुठनं आल्या? तुला मराठी कळलं नसेल नीट, पोरी. भराभर बोलतात ती लोकं."

"असेल. मी वाचते, तुम्ही सांगा." तिने प्रश्न रोमन अक्षरांत उतरवून घेतले होते. अडखळत, आवाज वर नाही, खाली नाही, असं तिने वाचलं: "सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात शेतकऱ्याला त्याहून कमी का मिळतो?"

"त्यानं सांगितलं की त्याचं."

"काय सांगितलं?"

"तो म्हणाला, यांच्या काळात..." अण्णा थांबले. "यांच्या काळात काय झालं, ते म्हणाला तो."

"का मिळतो, ते आलं?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद जवळ ओढून आपल्या माणसाच्या नावाखाली दुसरी रेघ मारली.

"पुढचा वाच," ते म्हणाले. "आणि जरा हळू."